प्रेरणा : हेडसर

वरचा पाडा, ता. तलासरी
५ जानेवारी २०२५

ती. काका,
सा. न.

पत्र बघून लगेच खूश होऊ नका. फोनच करणार होते, पण इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळते आणि टाकीवर आधीच निम्मं गाव बसलेलं असतं. शिवाय फोनवर तुम्ही "लेखी दे" एवढंच म्हणणार. तर घ्या लेखी.

मला या शाळेत लागून सहा महिने झाले. पहिली ते आठवी, मुलं एकशे चार, आम्ही चार शिक्षक आणि आमच्या डोक्यावर हेडसर. विनोद सर. नावावर जाऊ नका, माणूस हसत नाही. शाळा साडेदहाची. सर पावणेअकराला मोटरसायकलवरून येतात आणि उशिरा आलेल्या मुलांना ओणवं उभं करतात.

आता खरी गंमत ऐका. दिवाळीनंतर मला रोज वर्गात एका पक्ष्याचा आवाज यायचा. पी-पी, असा दोनदा. तो ओरडला की अख्खा वर्ग पुस्तकात डोकं घालायचा. खोटं कशाला बोलू, मीही चहाचा कप खिडकीमागे सरकवायची, कारण पक्षी ओरडला की मिनिटभरात सर दारात, असा अनुभव होता. मुलांना विचारलं, हा पक्षी कुठला रे? म्हणाली, "बाई, तो पावणेअकराचा." मी निसर्गनोंदीच्या वहीत लिहूनसुद्धा ठेवलं : आवाज ऐकला, पक्षी दिसला नाही. हसू नका.

गेल्या आठवड्यात हा पक्षी मला फळ्याच्या मागे सापडला. महालक्ष्मीच्या जत्रेतली पिपाणी! तिला जोडलेली ठिबकची बारीक नळी, ती खिडकीतून बाहेर, कुंपणाच्या कडेकडेने थेट रस्त्यावरच्या मोरीपर्यंत. आणि मोरीवर, मातीखाली आडवी पुरलेली सायकलची ट्यूब. ट्यूबवरून चाक गेलं की आतली हवा नळीतून पळते आणि इकडे पिपाणी वाजते. मोटरसायकलचे दोन पी. जीपचेही दोनच, पण लांबलचक. जीप म्हणजे तपासणी. बकऱ्या गेल्या तर वाजत नाही, ते मुद्दाम साधलंय.

हे केलंय आठवीतल्या निलमने. बाप लाहू, चिकूच्या वाड्यांवर रोजाने जातो. नळी तिथलीच, टाकून दिलेली. पोरीने तीन महिने खटपट केली, चार ट्यूबा वाया घालवल्या. हवेच्या दाबाचा धडा मी मार्चमध्ये घेणार होते, काका! मी विचारलं, हे सुचलं कसं गं? तर म्हणते, "सर कधी येतात ते आपल्याला कळायला नको, बाई?"

तुमचं मंडळ दरवर्षी बाल संशोधकांना पुरस्कार देतं ना? तर या पोरीला द्या. अर्ज पाठवा. फक्त एक अट आहे. हेडसरांना यातलं काही ठाऊक नाही आणि कळता कामा नये. कळलं तर मुलीचं काही खरं नाही. तुमच्या भरवशावर लिहितेय.

काकूला सांगा, चिंचणीचे सुके बोंबील संपले.

तुमची,
मुक्ता

*

जावक क्र. ०३/२०२५
मसोली, डहाणू रोड
१० जानेवारी २०२५

विषय : बाल संशोधक पुरस्काराबाबत.
संदर्भ : तुझे दि. ५ चे पत्र.

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

तुझी काकू म्हणते, सख्ख्या पुतणीच्या पत्राला जावक क्रमांक घालणारा माणूस पृथ्वीतलावर दुसरा नसेल. म्हणू दे. चौतीस वर्षं रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होतो. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं फाईलला लागतं, हे तिथे शिकलो. माझी पेन्शन त्यावरच चालू आहे.

आता मुद्द्याचं. मंडळाचं हे बारावं वर्ष. आजवर आम्ही अकरा प्रथम पुरस्कार दिले. पैकी आठ ज्वालामुखी, दोन थर्मोकोलची आदर्श गावं आणि एक यान, ते परीक्षकांसमोरच टेबलावरून पडलं. चालणारी वस्तू अकरा वर्षांत आली नाही. तुझं पत्र वाचलं आणि मला बसवेना. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. फार आनंद झाला गं.

मात्र प्रथम पुरस्काराची आशा धरू नकोस. यंदा अध्यक्षांचा नातू देवेश ड्रोन घेऊन येतोय. तो त्याने स्वतः बनवला असं अध्यक्ष म्हणतात. खोक्यावर मात्र भलत्याच कोणाचं नाव छापलेलं आहे. तेव्हा पहिला नंबर गेलाच असं समज. उत्तेजनार्थ मोकळं आहे, तिथे मी जोर लावतो.

अर्ज सोबत जोडला आहे. स्पर्धकाने स्वतःच्या हस्ताक्षरात, निळ्या शाईने भरावा. फोटो एक. शाळेचं बोनाफाईड एक.

गुप्ततेचं म्हणशील तर चौतीस वर्षांत कचेरीतलं एक अक्षर माझ्या तोंडून बाहेर गेलेलं नाही. निर्धास्त राहा.

तुझा,
काशीनाथकाका

काकूची भर : तोंडून गेलं नसेल, एवढंच मी म्हणेन. बोंबील वेगळ्या पिशवीत बांधून पाठवतेय, अर्जाला वास लागला तर यांना सांगू नकोस. — प्रभा

*

वरचा पाडा
१५ जानेवारी २०२५

ती. काका,
सा. न.

तिळगूळ घ्या. अर्ज भरून पाठवतेय. त्याला वास लागलाय, पण माझा इलाज नाही.

बोनाफाईडवर सरांनीच सही केली. कशाला हवं ते विचारलं नाही, सही करताना ते पेपर वाचत असतात.

निलमने अर्ज माझ्यासमोर बसून भरला. तुम्हाला पाकीट फोडून वाचायची घाई होणारच, म्हणून इथेच उतरवते.

शोधाचे नाव : पिपाणी.
शोधाची प्रेरणा : हेडसर.
शोधाचा समाजाला उपयोग : समाज गप्प बसतो.
शोधाची रचना : मोरीवर मातीखाली ट्यूब, तिथून नळी, फळ्यामागे पिपाणी.
मार्गदर्शक शिक्षक : कोणी नाही. बाईंना पक्षी वाटला.
पुढील सुधारणा : वेळेवर येणाऱ्या माणसाला वेगळा आवाज बसवणार. अजून तसा माणूस आला नाही, म्हणून थांबले आहे.

मी म्हटलं, अगं, जरा बरं काहीतरी लिही. तर म्हणाली, "म्हणजे खोटं लिहू?" मग म्हटलं, राहू दे तसंच.

तिचा चेहरा बघायला हवा होतात. फॉर्म भरल्यावर दोनदा विचारलं, "बाई, हा कागद डहाणूला कोणीतरी खरंच वाचणार?" मी म्हटलं, माझे काका वाचणार, आणि ते कागद फार मनापासून वाचतात.

तुमची,
मुक्ता

*

जावक क्र. ०९/२०२५
मसोली
२५ जानेवारी २०२५

विषय : निवड झाल्याबाबत.

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

कळवण्यास अत्यंत आनंद होतो की कु. निलम हिची उत्तेजनार्थ पुरस्कारासाठी निवड झाली!

परीक्षक तिघे होते, तिसरा मी, मंडळाचा सचिव म्हणून. दोघांनी सदुसष्ट अर्ज चहा येईपर्यंत उरकले. तुझ्या निलमचा मी मोठ्याने वाचला, तेव्हा कप खाली ठेवले त्यांनी. "समाज गप्प बसतो" याला आमचे एक परीक्षक इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. म्हणाले, माझ्या शाळेत असं काही होतं की काय, आता मला झोप येणार नाही.

समारंभ १ मार्चला. विज्ञान दिन अठ्ठावीस फेब्रुवारीला असतो हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी अध्यक्षांकडे लग्न आहे. विज्ञानाने एक दिवस थांबावं असं ठरलं.

नियमाप्रमाणे निवडपत्र आजच मा. मुख्याध्यापकांमार्फत रवाना केलं आहे. सोबत अर्जाची साक्षांकित प्रत जोडली आहे. योग्य मार्गाने गेलेला कागद कुठे अडत नाही, हे लक्षात ठेव, तुलाही नोकरीत उपयोगी पडेल.

तुझा,
काशीनाथकाका

काकूची भर : मुक्ता, यांनी मला हे आत्ता वाचून दाखवलं. मी म्हटलं, अहो, पोरीने गुप्त ठेवा म्हणून सांगितलं होतं ना? तर म्हणतात, "गुप्तच आहे, पाकीट बंद आहे." डोकं धरून बसलेय मी. पोस्टमन गाठता आला तर गाठ.

*

वरचा पाडा
३० जानेवारी २०२५

काका,

पोस्टमन गाठता आला नाही. तुमचं पत्र मला मिळायच्या आदल्या दिवशीच त्याने सरांचं पाकीट पोचवलं होतं.

सर ते घेऊन शिक्षकखोलीत आले. चेहरा असा उजळलेला की मी सहा महिन्यांत पाहिला नव्हता. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागले, "शोधाची प्रेरणा : हेडसर." थांबले. आमच्याकडे बघितलं. म्हणाले, "बघा. मी कधी बोलून दाखवत नाही." ती ओळ पुन्हा वाचली. मग पुढची वाचली. मग त्याच्या पुढची. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांचा आवाज बसला होता. उठले, कुदळ मागवली आणि भर उन्हात स्वतःच्या हाताने मोरीवरची ट्यूब उकरून काढली.

मग लाहूला वाडीतून कामावरून बोलावून घेतलं. मला दाराबाहेर ठेवलं. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, हा कायदा तुम्ही मला सांगालच. सरांना तो तुमच्यापेक्षा चांगला पाठ आहे. म्हणून त्यांनी काढलंच नाही. अर्ज तयार होता. "माझी मुलगी निलम ही घरकामास लागत असल्याने तिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती." लाहूने खाली सही केली. अंगठा नाही, सही. ती त्याला गेल्या वर्षी निलमनेच शिकवली होती. बिचाऱ्याला वाटलं, सही केली की सर शांत होतील.

आता कागदावर शाळेने काहीच केलेलं नाही. बापाने मागितला, शाळेने दिला. झालं!

निलम दाखला हातात घेऊन माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही सांगितलंत?" मी हो म्हटलं, काका. दुसरं काय म्हणू? तुम्हाला ती ओळखत नाही, मला ओळखते.

चूक माझी आहे आणि तुमची आहे, पण तुमची जास्त आहे. मला इतका राग आलाय की लिहिताना निब मोडलं. राग ओसरला की रडू येतं आणि रडून झालं की परत राग येतो. ती आता रोज पहाटे आईबरोबर टेम्पोत बसून बोर्डीकडच्या वाडीवर चिकू निवडायला जाते. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. त्याआधी ती वर्गात परत बसली नाही, तर कधीच बसणार नाही. एकदा रोजावर गेलेली मुलगी पुन्हा बाकावर आलेली या पाड्यात कोणी पाहिलेली नाही.

काकूवर माझा राग नाही.

मुक्ता

*

मसोली
३ फेब्रुवारी २०२५

चि. मुक्ता,

जावक क्रमांक घालायला रजिस्टर उघडलं आणि तसंच मिटलं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वेळी मनात उत्तर तयार होतं, की नियमच तसा आहे, मी काय करणार. दुसऱ्या वेळी ते उत्तर मलाच पटेना. तिसऱ्या वेळी लाहूच्या नावाचा तो अर्ज नीट वाचला आणि मी जागेवरून उठलो नाही. फार चांगला मसुदा आहे गं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. असे मी शेकड्याने केलेत. कोणी बदली मागितलेली नसायची आणि कागदावर "माझ्या विनंतीवरून" असायचं. माणसं सही करून निघून जायची. मी शुद्धलेखन तपासायचो, बस्स. मला लाज वाटते, मुक्ता. हे वाक्य उभ्या आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलंय.

आणखी एक गोष्ट आहे. नियम चारप्रमाणे स्पर्धक शाळेत शिकत असला पाहिजे. ती आता शिकत नाही, हे मी मंडळाला कळवायला हवं. कळवलेलं नाही. बोनाफाईड फाईलला आहे, त्यावर सही आहे, तारीख आहे आणि मला कोणी काही विचारलेलं नाही. कोणी विचारलंच तर मला कमी ऐकू येतं असं सांगणार आहे.

पुढे काय करावं ते सुचत नाही. तुझ्या सरांना एक कडक पत्र लिहू शकतो. पण माझ्या पत्रांनी काय होतं ते आपण दोघांनी बघितलं.

काशीनाथकाका

काकूची भर : दोन दिवस धड जेवले नाहीत. काल मला विचारलं, "प्रभा, मी वाईट माणूस आहे का?" मी म्हटलं, नाही हो, तुम्ही कारकून आहात. त्यावर अर्धी भाकरी खाल्ली. तू रागावली आहेस ते बरोबरच आहे, पण फार दिवस रागावू नकोस.

*

वरचा पाडा
१९ फेब्रुवारी २०२५

ती. काका,
सा. न.

राग बराचसा गेला. अर्धी भाकरी वाचून गेला.

आता बातमी ऐका आणि खुर्चीवर बसून ऐका. विनोद सर समारंभाला येणार आहेत! तुमच्या निवडपत्रात तळाला बारीक अक्षरात छापलंय : मार्गदर्शक शिक्षकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, पालघरहून प्रमुख पाहुण्या, पत्रकार उपस्थित. तीन आठवडे रागावून झाल्यावर सर त्या ओळीपर्यंत पोचले. अर्जात "मार्गदर्शक : कोणी नाही" असं लिहिलंय, ते बहुतेक त्यांना रिकामी जागा आहे असं वाटलं.

परवा संध्याकाळी स्वतः लाहूच्या घरी गेले. म्हणाले, एक तारखेला मुलगी पाठव, गाडीतून नेतो, गाडीतून आणतो. अंगावर शाळेचा गणवेश हवा. म्हणजे पोरगी एका दिवसापुरती शाळेची! लाहूने हात जोडून विचारलं, सर, मग शाळेत घ्याल ना? सर म्हणाले, जूनमध्ये बघू. जून म्हणजे वर्ष गेलं आणि पोरगीही गेली, हे त्यांना कळतं, मला कळतं, लाहूलाही कळतं.

मला मुद्दाम त्याच दिवशी तालुक्याला प्रशिक्षणाला घातलंय. विषय काय माहितीय? आनंददायी शिक्षण.

निलमला त्यांनी पढवून ठेवलंय. स्टेजवर कोणी काहीही विचारलं तरी "धन्यवाद" एवढंच म्हणायचं. ती मला विचारायला आली, "बाई, जाऊ का?" मी म्हटलं, तुझं तू ठरव, नाही म्हणालीस तरी मला आवडेल. जरा वेळ नख कुरतडलं आणि म्हणाली, "जाते. ट्यूब त्यांच्या कपाटात आहे. दाखवायला म्हणून परत द्यावीच लागेल." बघा आता! शाळा गेली आणि पोरीचा जीव ट्यूबमध्ये.

तुम्ही तिथे माईकवर असणार. काही करता आलं तर करा. लेखी नको.

तुमची,
मुक्ता

*

मसोली
२ मार्च २०२५

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

सगळं क्रमाने सांगतो.

कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला. निलम त्याआधीच आली होती. गणवेश धुतलेला, वेण्या घट्ट. सर पहिल्या रांगेत खुर्ची शोधत होते तेवढ्यात ही फाटकाकडे गेली, कोणाला न विचारता ट्यूब आडवी टाकली, वर दोन मुठी माती लोटली आणि नळी खिडकीतून सभागृहात घेतली. पुढे जी मजा झाली! पाहुण्यांची गाडी फाटकात आली की आत पिपाणी वाजायची आणि पाहुणे आले असं समजून तीनशे माणसं उठून उभी राहायची. प्रमुख पाहुण्या बाई दारात येतात तो अख्खा हॉल उभा. त्या इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, एवढी शिस्त मी पालघरातसुद्धा पाहिली नाही. दुधाचा टेम्पो आला तेव्हाही आम्ही उभे राहिलो, ते सोड.

मग नेहमीचं सगळं झालं. दीपप्रज्वलन पंख्याने तीनदा विझवलं. पाहुण्यांचे सत्कार एक तास, संशोधकांना अकरा मिनिटं. देवेशचा ड्रोन वर गेला, छताच्या पत्र्याला जाऊन बसला आणि खाली येईना. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. अजून तिथेच आहे तो.

मग उत्तेजनार्थ. मी नाव पुकारलं. निलम आली आणि तिच्या पुढे विनोद सर आले. त्यांना शाल घातली, हातात नारळ दिला, पत्रकारांनी फोटो काढले. मग तिला पेला आणि प्रमाणपत्र. माझ्या हातातल्या कागदावर पुढे लिहिलं होतं, "आभारप्रदर्शन." आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "बाळ, तू कितवीत शिकतेस?"

तिने सरांकडे बघितलं. सरांचे ओठ "धन्यवाद, धन्यवाद" असे हलत होते. मी माईक तिच्यापुढे धरला होता. ती म्हणाली, "कितवीतच नाही. मला दाखला दिलाय."

पाहुण्या बाईंनी विचारलं, "दिलाय म्हणजे?" निलम म्हणाली, "म्हणजे मी घरकामास लागते, असं लिहिलंय. मला कागद वाचूनच कळलं."

सरांनी माझ्या हातातला माईक हिसकावला. "आठवीत आहे, मॅडम, आठवीत! हुशार आहे, पण जरा थट्टेखोर." आणि हसले. तू म्हणतेस ते हसत नाहीत, पण काल हसले. पाहुण्या बाईंना हायसं वाटलं, त्याही हसल्या. टाळ्या पडल्या. मला वाटलं, संपलं. पुन्हा कागदावर सगळं ठीक, पुन्हा सगळे घरी.

तर त्या पोरीने काय करावं? सरांच्या हातातल्या माईककडे स्वतःच मान पुढे केली आणि त्यातच विचारलं, "सर, मग सोमवारी येऊ?"

तीनशे माणसं, दोन पत्रकार. सरांच्या एका हातात माईक, दुसऱ्या हातात नारळ, खांद्यावरून शाल घसरतेय. पाहुण्या बाई त्यांच्या तोंडाकडे बघतायत. लाहू पार मागे दाराशी उभा होता, तो दोन पावलं पुढे आला.

सर म्हणाले, "ये."

घरी येऊन मी रडलो. काकू लिहीलच, म्हणून आधी मीच सांगून टाकतो. पण मुक्ता, तो "ये" कुठेही लिहिलेला नाही. सही नाही, शिक्का नाही. उद्या सर म्हणाले, मी कधी म्हणालो, तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. मला भीती वाटते. सोमवारी काय होतं ते लगेच कळव.

तुझा,
काशीनाथकाका

काकूची भर : आपसूक गेलं म्हणे तोंडून! चार दिवस आरशासमोर "बाळ, तू कितवीत शिकतेस" चालू होतं, कधी बाळ, कधी बेटा. शेजारच्यांनी मला विचारलं, यांना नातवंड कुठून झालं? पण त्यांनी विचारलं, मुक्ता. माझा नवरा विचारायला घाबरला नाही, एवढंच मी लिहिते.

*

वरचा पाडा
३ मार्च २०२५, सोमवार

ती. काका आणि काकू,
सा. न.

मधल्या सुट्टीत लिहितेय, टपालाची पिशवी जायच्या आत. समारंभाचं सगळं निलमकडून कळलं.

आज सकाळच्या पेपरात फोटो आलाय. शाल, नारळ, सर, आणि कडेला अर्धी निलम. खाली छापलंय, "आठवीची विद्यार्थिनी निलम व तिचे मार्गदर्शक." सरांनी ते पान चावडीवर, रेशनच्या दुकानात आणि ऑफिसात लावलंय. त्यामुळे आता ती आठवीत नाही असं म्हणायची त्यांची सोय राहिली नाही.

तरी धाकधूक होतीच. हजेरीपटात तिचं नाव लाल शाईने खोडलेलं होतं. वर्ग भरला, ती दारात उभी राहिली. आत ये म्हणायचा अधिकार मला आहे की नाही तेही मला कळेना, मी म्हटलं, ये गं. बसली. दहा मिनिटांनी सर आले. कोणाकडे बघितलं नाही. माझ्या टेबलावरून हजेरीपट उचलला, उभ्या उभ्या सगळ्यात खालच्या ओळीत तिचं नाव लिहिलं आणि निघून गेले. लाहूकडून नवा अर्ज मागतील असं मला वाटलं होतं, तोही मागितला नाही.

मग मी हजेरी घ्यायला लागले. एकेक नाव, एकेक हजर. एकोणीस झाले. शेवटची ओळ सरांच्या अक्षरात होती, मोठ्याने म्हणायच्या आधी ती मी दोनदा मनात वाचली.

निलमने वाट बघितली नाही. उठून उभी राहिली आणि बाहेर मैदानापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "हजर!"

तुमची,
मुक्ता